मुलांच्या डोक्यातील उवा: जालीम औषध नको, दिवस मोजा

मूल सारखे डोके खाजवते. रात्री झोपेतही हात केसांत जातो. कानामागे आणि मानेवर बारीक पुरळ दिसते. केस बाजूला करून पाहिले की उवा सापडतात. मग मेडिकलमधून औषध आणून लावले जाते, आठ-दहा दिवस बरे जातात आणि पुन्हा खाज सुरू होते. आता कोणीतरी सांगते, "हे औषध लागू पडत नाही, काहीतरी जालीम लावा." खरा धोका इथून सुरू होतो.

उवा त्रासदायक असतात, पण डोक्यातल्या उवांमुळे मुलाच्या जिवाला धोका नसतो. त्या घालवण्यासाठी डोक्याला रॉकेल, गोचिडांचे औषध किंवा शेतातले कीटकनाशक लावले, तर मात्र जिवावर बेतू शकते. अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात कांदा, कापूस, डाळिंब, द्राक्षे आणि दुभती जनावरे घरोघरी आहेत. त्यामुळे अशी विषारी औषधेही हाताशी असतात. म्हणून उवांचा उपाय नीट समजून घेणे गरजेचे आहे.

थोडक्यात

- उवा परत येतात त्या बहुतेक वेळा औषध सौम्य होते म्हणून नाही, तर दुसरा डोस राहिला म्हणून किंवा घरातल्या इतरांच्या डोक्यात उवा तशाच राहिल्या म्हणून.
- बारीक दातांची फणी, वेळेवर दोन डोस आणि सगळ्या घरादाराची एकाच दिवशी तपासणी, एवढ्याने उवा जातात.
- शेतातले, जनावरांचे किंवा झुरळ-डासांचे कोणतेही औषध मुलाच्या डोक्याला कधीही लावू नका.

ऊ, लीख आणि दिवसांचा हिशोब

पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी, साधारण २ ते ३ मिलिमीटर असते. तिला पंख नसतात, ती उडत नाही आणि उडीही मारत नाही. ती फक्त केसांना धरून चालते. दिवसातून अनेकदा ती टाळूतून थोडेसे रक्त शोषते. त्या वेळी तिची लाळ कातडीत जाते आणि तिची ॲलर्जी होऊन खाज सुटते.

पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाला खाज सुरू व्हायला ४ ते ६ आठवडेही लागू शकतात. म्हणजे खाज येते तेव्हा उवा महिनाभर आधीपासून डोक्यात असू शकतात आणि तोवर त्या भावंडांपर्यंत पोहोचलेल्याही असतात.

मादी ऊ रोज ६ ते १० अंडी घालते. ही अंडी म्हणजेच लिखा. टाळूच्या अगदी जवळ, केसाला डिंकासारख्या पदार्थाने त्या घट्ट चिकटवलेल्या असतात. ७ ते १० दिवसांत लिखेतून पिल्लू बाहेर येते आणि पुढच्या ९ ते १२ दिवसांत त्याची पूर्ण वाढ होऊन ते अंडी घालू लागते. ऊ साधारण महिनाभर जगते. डोक्यावरून खाली पडली तर रक्त न मिळाल्याने ती एक-दोन दिवसांत मरते.

हा हिशोब लक्षात ठेवा, कारण सगळा उपचार यावरच आधारलेला आहे. आज केलेल्या उपचाराने आजच्या उवा मरतात, पण लिखा पुष्कळदा वाचतात. आठवड्याभराने त्यांतून पिल्ले निघतात. ती मोठी होऊन अंडी घालण्याच्या आत तुम्ही पुन्हा उपचार केला, तर साखळी तुटते. नाही केला, तर सगळे पहिल्यापासून सुरू होते.

उवा कशा पसरतात?

डोक्याला डोके लागले की एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात ऊ जाते. मुले एका बाकावर डोके जोडून बसतात, एका अंथरुणावर झोपतात, एका मोबाइलवर एकत्र डोकावतात. मुलींचे केस लांब असतात आणि त्या जवळजवळ बसून खेळतात, म्हणून त्यांच्यात उवा जास्त दिसतात. कंगवा, रिबीन, टोपी, ओढणी किंवा टॉवेल यांतूनही कधीकधी पसरतात, पण मुख्य वाट डोक्याकडून डोक्याकडे हीच.

अस्वच्छतेमुळे उवा होतात हा समज चुकीचा आहे. रोज न्हाणाऱ्या मुलाच्या डोक्यातही त्या तितक्याच आनंदाने राहतात. ओल्या केसांची वेणी घातल्याने किंवा घामामुळे उवा "तयार" होत नाहीत. कुत्रा, शेळी, कोंबडी यांच्याकडूनही माणसाच्या डोक्यात उवा येत नाहीत. ऊ येते ती दुसऱ्या माणसाच्या डोक्यातूनच.

आपल्या जिल्ह्यात दोन ठिकाणी मुले दाटीने झोपतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून हजारो कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपेपर्यंत कारखान्याच्या परिसरात कोपीत राहतात. एका कोपीत चार-पाच जण शेजारी शेजारी झोपतात. दुसरीकडे, अकोले तालुक्याच्या आदिवासी भागातील अनेक मुले आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहतात. अशा ठिकाणी एका मुलाला उवा झाल्या की एकट्या त्या मुलावर उपचार करून काही उपयोग होत नाही. यात आईची किंवा मुलाची चूक नसते.

तपासणी कशी करावी?

मुलाला ओट्यावर किंवा दारात, भरपूर उजेडात बसवा. केसांना खोबरेल तेल लावा. तेलाने उवा मंदावतात आणि फणी सहज फिरते. आधी साध्या कंगव्याने गुंता काढा. मग बारीक दातांची फणी, शक्यतो धातूची, टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढा. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कापडावर पुसून पाहा. कानामागे आणि मानेच्या वरच्या भागात विशेष लक्ष द्या.

जिवंत, हलणारी ऊ दिसली तरच उपचार करा. नुसत्या लिखा दिसल्या म्हणून लगेच औषध लावायची गरज नाही. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे टाळूपासून १ सेंटिमीटरपेक्षा लांब असलेली लीख बहुधा रिकामे कवच असते.

कोंडा आणि लीख यांत गल्लत होते. कोंडा बोटाने झटकला की पडतो. लीख केसाला चिकटून राहते, नखात धरून ओढावी लागते.

एकाला उवा सापडल्या की त्याच दिवशी घरातल्या प्रत्येकाचे डोके तपासा. आई, आजी आणि पाहुणी आलेली मावसबहीणसुद्धा यातून सुटू नये.

पहिला उपाय: फणी

फणी हा उवांवरचा सर्वात जुना उपाय असावा. इस्राएलमधील लाखीश येथे सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची हस्तिदंती फणी सापडली आहे. तिच्यावर कोरलेला मजकूर २०२२ साली प्रसिद्ध झाला. या फणीने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघाव्यात, अशी इच्छा त्यात लिहिली आहे. हा उपाय आजही उपयोगी आहे, फक्त तो नेमाने करावा लागतो.

१. केसांना भरपूर तेल किंवा कंडिशनर लावा. पाण्याची टंचाई असेल आणि टँकरची वाट पाहावी लागत असेल, तर तेल सोयीचे. लगेच धुवावे लागत नाही.
२. गुंता काढून केसांचे लहान लहान भाग करा.
३. प्रत्येक भाग मुळापासून टोकापर्यंत, वेगवेगळ्या दिशांनी विंचरा. लांब केसांना अर्धा तास तरी लागतो.
४. निघालेल्या उवा साबणाच्या गरम पाण्यात टाका.
५. शेवटी फणी हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात १० मिनिटे ठेवा.

पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी असे विंचरा. अधूनमधून जन्मलेले प्रत्येक पिल्लू अंडी घालण्याच्या वयात येण्याआधी फणीत सापडावे, म्हणून हे अंतर ठेवले आहे. सतराव्या दिवशी पुन्हा तपासा. काहीच सापडले नाही तर काम झाले. या काळात एकदा जरी मोठी ऊ सापडली, तरी पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू करा.

दोन महिन्यांपेक्षा लहान बाळासाठी फणी आणि हात हाच उपाय. त्याला कोणतेही औषध लावू नका.

दुसरा उपाय: लावायचे औषध

उवांसाठी सर्वात जास्त वापरले जाणारे आणि नीट वापरल्यास सुरक्षित औषध म्हणजे परमेथ्रिन १ टक्का लोशन किंवा क्रीम रिन्स. दोन महिन्यांपेक्षा मोठ्या मुलांना ते वापरता येते. विकत घेताना टक्केवारी वाचा. परमेथ्रिन ५ टक्के हे क्रीम खरजेसाठी असते. दोन्हींची नावे सारखी दिसतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते डोक्याला लावू नका.

वापरण्याची पद्धत अशी:

- आधी साध्या शाम्पूने केस धुऊन सगळे तेल काढा. कंडिशनर लावू नका. तेलकट केसांवर औषध नीट बसत नाही.
- टॉवेलने केस पुसा. थोडे दमट राहू द्या.
- मुलाच्या डोळ्यांवर कोरडा रुमाल धरा. औषध केसांच्या मुळांपर्यंत, कानामागे आणि मानेवर पूर्ण लावा.
- घड्याळ लावून १० मिनिटे थांबा. जास्त वेळ ठेवल्याने जास्त गुण येत नाही. डोक्याला प्लास्टिक गुंडाळू नका.
- मुलाला पुढे वाकवून फक्त केस धुवा. संपूर्ण अंगावरून औषधाचे पाणी जाऊ देऊ नका.
- पुढचे एक-दोन दिवस शाम्पू करू नका.
- ८ ते १२ तासांनी फणीने विंचरा. उवा मंद हलत असतील तर औषध काम करत आहे. फणीत येतील तितक्या काढा.
- नवव्या दिवशी दुसरा डोस द्या. ७ ते १० दिवसांच्या दरम्यान केव्हाही चालतो, पण नववा दिवस चांगला. पहिला डोस रविवारी दिला असेल, तर दुसरा पुढच्या आठवड्यातल्या सोमवारी येतो.

तीन दिवसांनी "अजून एकदा" आणि मग पुन्हा "अजून एकदा" असे करू नका. १२ तासांनंतरही उवा पूर्वीइतक्याच चपळ असतील, तर त्या औषधाला दाद देत नाहीत असे समजा आणि डॉक्टरांना दाखवा. आयव्हरमेक्टिनसारखी दुसरी औषधे उपलब्ध आहेत. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनावरून ठरवतात. १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्या देत नाहीत, म्हणून स्वतःहून घेऊ नका.

घरात जुनी बाटली असेल आणि तिच्यावर लिंडेन किंवा गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइड असे लिहिले असेल, तर ती वापरू नका. या औषधामुळे मुलांना झटके येऊ शकतात.

डोक्याला काय लावू नये?

मुलाच्या टाळूतून औषध पटकन शोषले जाते. खाजवून जखमा झाल्या असतील तर आणखी पटकन. वर फडके बांधले की शोषण वाढते. शिवाय मुलाचे वजन कमी, म्हणून मोठ्या माणसाला न बाधणारी मात्राही त्याला बाधते.

- शेतातले कीटकनाशक: पिकावर फवारायचे औषध "थोडे पाण्यात घालून" लावले तरी विषबाधा होऊ शकते. रिकाम्या बाटलीत उरलेले चार थेंबही पुरतात.
- जनावरांच्या गोचिडांचे औषध: ते गाईच्या कातडीसाठी बनवलेले असते. मुलाला त्याने गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो.
- झुरळ-मुंग्यांचा खडू आणि डासांचा स्प्रे: हेही कीटकनाशकच आहे.
- रॉकेल, पेट्रोल, डिझेल: कातडी भाजते, वाफ फुप्फुसात जाते आणि चूल किंवा दिव्याजवळ केस पेट घेऊ शकतात.
- सीताफळाच्या बियांची पूड: घरगुती म्हणून निर्धोक वाटते, पण डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते.
- कापूर घातलेले तेल: लहान मुलाच्या पोटात गेले तर झटके येऊ शकतात.

चुकून असे काही लावले असेल तर

तोंडातून लाळ गळणे, खूप घाम, उलटी, जुलाब, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, स्नायू फडफडणे, गुंगी, श्वास लागणे किंवा झटके यांपैकी काहीही दिसले, तर ही विषबाधा असू शकते.

१. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.
२. मुलाचे कपडे काढा. स्वतःच्या हातांत हातमोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या घालून केस आणि अंग साबणाने भरपूर पाण्याने धुवा.
३. उलटी करवू नका. दूध, तूप, मिठाचे पाणी पाजू नका.
४. औषधाची बाटली किंवा खोके सोबत न्या. नाव कळले की डॉक्टरांना नेमका उपचार करता येतो.

कीटकनाशक लावले आहे, पण मूल अजून ठीक दिसते, तरी डोके धुऊन रुग्णालयात दाखवा. लक्षणे काही तासांनीही सुरू होऊ शकतात. रागावतील म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका. काय लावले हे खरे सांगितले तरच मुलाचा जीव वाचवणे सोपे जाते.

घरात काय करावे?

घरभर फवारणी करू नका. गेल्या दोन दिवसांत वापरलेले उशीचे अभ्रे, टॉवेल, टोप्या आणि ओढण्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. गोधडी धुणे शक्य नसेल तर तीन-चार दिवस वापरू नका, उन्हात टाका. डोक्यावरून पडलेली ऊ तोवर मरते. कंगवे आणि फण्या गरम पाण्यात ठेवा.

शाळा, वसतिगृह आणि ऊसतोडीची टोळी

उवांमुळे मुलाला शाळेतून घरी पाठवण्याची गरज नाही. पहिला उपचार झाला की दुसऱ्या दिवशी ते शाळेत जाऊ शकते. वर्गात नाव घेऊन सांगणे, वेगळे बसवणे किंवा मुलीचे केस जबरदस्तीने कापणे टाळा. केस कापल्याने फणी फिरवणे सोपे होते हे खरे, पण मुलीची इच्छा नसेल तर ते गरजेचे नाही. चिडवणाऱ्या मुलांमुळे झालेली जखम उवांपेक्षा जास्त दिवस टिकते.

शिक्षकांना मात्र जरूर कळवा. ज्या वर्गात एका मुलाला उवा आहेत, तिथे सगळ्या पालकांनी त्याच शनिवार-रविवारी मुलांची डोकी तपासली, तर उवा पुन्हा एकमेकांकडून येत राहत नाहीत. वसतिगृहात एका खोलीतल्या सगळ्या मुलांची एकाच दिवशी तपासणी व्हावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येते. त्यांनाही विचारा.

ऊसतोडीवर असाल, तर शेजारच्या कोपीतल्या बायकांशी बोलून एक दिवस ठरवा. त्या दिवशी सगळ्यांनी डोकी तपासायची आणि ज्यांना उवा आहेत त्यांनी एकाच वेळी उपचार करायचा. दुसऱ्या डोसची तारीखही तेव्हाच ठरवा, म्हणजे टोळी दुसरीकडे हलली तरी ती चुकत नाही.

असे काम गावातल्या बायका उत्तम करू शकतात, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पात गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले गेले. रोजचे बरेच आजार गावातच, शेजारणीच्या मदतीने हाताळता येतात हे त्यांनी दाखवून दिले. उवा तर नक्कीच त्यांपैकी एक आहेत. आशाताईंना सोबत घ्या.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- टाळूवर पू, खपल्या किंवा ओल्या जखमा असतील.
- मानेत किंवा कानामागे गाठी आल्या असतील. खाजवून झालेल्या जंतुसंसर्गामुळे अशा गाठी येतात आणि संसर्ग बरा झाला की बहुधा जिरतात. तरी एकदा दाखवून घ्या.
- ताप असेल.
- दोन डोस वेळेवर देऊनही जिवंत उवा दिसत असतील.
- मूल दोन महिन्यांपेक्षा लहान असेल, किंवा ज्यांना उपचार करायचे ती स्त्री गरोदर वा स्तनपान देणारी असेल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*उवांमुळे दुसरे आजार होतात का?*
डोक्यातल्या उवांमुळे आजार पसरत नाहीत. टायफससारखे आजार पसरवणाऱ्या उवा कपड्यांत राहतात, त्या वेगळ्या.

*उपचारानंतरही खाज का येते?*
ॲलर्जी ओसरायला एक-दोन आठवडे लागतात. खाज आहे म्हणून पुन्हा औषध लावू नका. फणीने तपासा, जिवंत ऊ असेल तरच पुढचे पाऊल उचला.

*सगळ्या लिखा काढाव्याच लागतात का?*
नाही. टाळूजवळच्या काढल्या तर चांगले. लांबच्या रिकाम्या लिखा केसांबरोबर वाढत जातात.

*उवा होऊ नयेत म्हणून आधीच औषध लावावे का?*
नको. आठवड्यातून एकदा तेल लावून फणी फिरवा, शाळेत जाताना लांब केसांची वेणी घाला आणि प्रत्येकाचा कंगवा वेगळा ठेवा.

आज उपचार सुरू करत असाल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेला आणि नवव्या दिवसाच्या तारखेला गोल करा. सतराव्या दिवशी शेवटची तपासणी. या तीन तारखा पाळल्या, तर घरातली सगळ्यात विषारी बाटली जिथे आहे तिथेच, मुलांच्या हाताबाहेर, कुलपात राहील.